सर्व्हर रूमचा एसी: किती टनाचा, हे सगळ्यात शेवटी ठरवा

सर्व्हर रूमसाठी एसी घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, किती टनाचा? खरं तर हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याआधी तीन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात. खोलीत नेमकी किती उष्णता तयार होते? ती सर्व्हरच्या पाठीमागून निघून एसीपर्यंत कोणत्या वाटेने पोचते? आणि सर्व्हरच्या तोंडाशी किती तापमानाची हवा पुरेशी आहे? ही उत्तरं चुकली तर पाच स्टारचा महागडा एसीसुद्धा बिल वाढवतो आणि रॅकच्या, म्हणजे सर्व्हर बसवायच्या उभ्या सांगाड्याच्या, वरच्या भागातला सर्व्हर तरीही तापतोच.

पुढचं विवेचन मुख्यतः एक ते दहा रॅकच्या खोल्यांसाठी आहे. सहकारी बँका, रुग्णालयं, महाविद्यालयं, एमआयडीसीतले कारखाने इथे अशाच खोल्या असतात आणि सर्वांत जास्त वीज वाया जाते तीही इथेच, कारण त्यांच्याकडे बघायला वेगळा माणूस नसतो. मोठ्या डेटा सेंटरबद्दल शेवटाकडे बोलू.

उष्णता मोजून घ्या

सर्व्हर जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत बाहेर पडते. म्हणजे उष्णता मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. यूपीएसच्या डिस्प्लेवर आउटपुट किलोवॅटमध्ये दिसतं, तोच आकडा धरायचा. दिवसाच्या गर्दीच्या वेळेला, रात्री बॅकअप चालू असताना आणि महिनाअखेरीला अशी तीन-चार वेळा नोंद घ्या आणि त्यातला मोठा आकडा वापरा.

सर्व्हरच्या पाठीवरच्या लेबलवरून बेरीज करू नका. ७५० वॅटचे दोन पॉवर सप्लाय असलेला सर्व्हर प्रत्यक्षात बऱ्याचदा २५० ते ३५० वॅटच घेतो. दुसरा सप्लाय फक्त पहिला बंद पडला तर कामी यावा म्हणून असतो. लेबलांची बेरीज केली की गरजेच्या चार ते सहापट आकडा येतो आणि त्या हिशेबाने घेतलेला एसी आयुष्यभर चालू-बंद होत राहतो. एक अपवाद लक्षात ठेवा. नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना आणि वाय-फाय युनिटांना वीज पुरवणारे स्विच असतील, तर त्यांनी घेतलेल्या विजेतला मोठा भाग खोलीबाहेर जातो, तो वजा करता येतो.

उदाहरणादाखल एका खोलीचा हिशेब करू. यूपीएसवर ५ किलोवॅट दिसतात. यूपीएस त्याच खोलीत असेल तर त्याचं स्वतःचं नुकसान साधारण ०.४ किलोवॅट. भिंती आणि छतातून येणारी उष्णता ०.८ धरू. पश्चिमेची भिंत किंवा वर उघडा स्लॅब असेल तर ती याहून जास्त भरेल. दिवे आणि अधूनमधून आत येणारा माणूस मिळून ०.२. एकूण झाले ६.४ किलोवॅट. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट, म्हणजे हा भार सुमारे १.८ टन होतो.

मग दोन टनाचा एक एसी पुरेल असं वाटतं. तो पुरत नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. एसीच्या बॉक्सवरचे दोन टन हे बाहेर ३५ अंश सेल्सिअस असतानाचे असतात. सोलापुरात किंवा जळगावात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या आउटडोअर युनिटभोवती ४२-४३ अंश सहज असतात, तेव्हा क्षमता दहा टक्क्यांच्या आसपास घटते. दुसरं म्हणजे, घरगुती एसी माणसांसाठी बनवलेला असतो. माणसाला थंडाव्याइतकाच कोरडेपणाही हवा असतो, त्यामुळे त्याची पाव ते एक तृतीयांश ताकद हवेतलं बाष्प काढण्यात जाते. सर्व्हरला घाम येत नाही, त्याला फक्त तापमान उतरवून हवं असतं. म्हणजे ७ किलोवॅटपैकी दहा टक्के कमी केले आणि उरलेल्याचे पाऊण धरले तर सर्व्हरच्या वाट्याला येतात ४.७ किलोवॅट. गरज ६.४ ची आहे. अशा खोलीत एक एसी दिवसरात्र पूर्ण जोरात चालतो, कधी थांबत नाही, आणि लोक म्हणतात एसी खराब आहे.

खोली घट्ट बंद असेल तर हे गणित बरंच सुधारतं. आतलं बाष्प एकदा निघून गेलं की कॉइल कोरडं राहतं आणि जवळजवळ सगळी ताकद तापमानावर लागते. पण पावसाळ्यात दाराखाली बोटभर फट असेल, केबलसाठी पाडलेलं भोक उघडं असेल, तर बाहेरची दमट हवा सतत आत येते आणि एसी तिचंच पाणी काढत बसतो. एक लिटर पाणी हवेतून काढायला सुमारे ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) इतका थंडावा खर्ची पडतो. ड्रेन पाइपखाली बादली लावून एका दिवसात किती पाणी जमतं ते बघा. बंद खोलीत ते नगण्य असायला हवं. बादली भरत असेल तर आधी फटी बुजवा, दाराला खालून ब्रश लावा, केबलची भोकं बंद करा. हा खर्च काही हजारांचा आहे आणि त्याने नव्या एसीचा एखादा टन वाचू शकतो.

हवेची वाट

सर्व्हर पुढून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. मधल्या वाटेत तिचं तापमान १० ते १५ अंशांनी वाढतं. या गरम हवेला थंड हवेत मिसळू न देणं हे कूलिंगमधलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

मिसळली तर काय होतं? आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालावं तसं एसीतून निघालेल्या १५ अंशांच्या हवेत मागची ३८ अंशांची हवा मिसळते आणि सर्व्हरच्या तोंडाशी २८ पोचते. मग कोणीतरी रिमोट १८ वर आणतं, नंतर १६ वर. कॉम्प्रेसर जास्त राबतो, खोलीत शिरणाऱ्या माणसाला हुडहुडी भरते, आणि वरचा सर्व्हर तरीही तापमानाची तक्रार करत राहतो.

हवेचं प्रमाणही बघावं लागतं. एक किलोवॅट उष्णता १० अंशांच्या वाढीवर वाहून न्यायला सुमारे १७५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. वरच्या ५ किलोवॅटना झाले ८७५ सीएफएम. भिंतीवरच्या दोन टनी स्प्लिटचा पंखा साधारण ६०० ते ७५० सीएफएम देतो. सर्व्हरच्या पंख्यांना उरलेली हवा कुठून मिळते? स्वतःच्याच पाठीमागून. ती रॅकच्या वरून आणि बाजूंनी वळून पुन्हा पुढे येते. म्हणून सर्वांत वरचा सर्व्हर सगळ्यात आधी तापतो. रॅकच्या पुढच्या बाजूला तळाशी, मध्यावर आणि वर असे तीन साधे डिजिटल थर्मामीटर लावा. वरच्या आणि खालच्या आकड्यांत पाच अंशांहून जास्त फरक दिसला तर तुमचा प्रश्न टनांचा नाही, हवेच्या वाटेचा आहे.

उपाय असे, आणि करायचेही याच क्रमाने. रॅकमधली रिकामी जागा ब्लँकिंग पॅनेलने झाका. एक यू (रॅकमधली उंची मोजायचं एकक) उंचीचं प्लास्टिकचं पॅनेल काही क्षणांत बसतं. ४२ यूच्या रॅकमध्ये २० यू उघडे असतील तर तेवढ्या मोठ्या खिडकीतून मागची हवा पुढे येत असते. रॅकच्या कडेच्या उभ्या पट्ट्या आणि चौकट यांमधली फटही फोमच्या पट्टीने बंद करा, ती बहुतेक ठिकाणी राहून जाते. रॅकला काचेचं दार असेल तर ते काढून जाळीचं बसवा, कारण काचेच्या दारामागे सर्व्हर गुदमरतो. मागच्या केबल आवरून घ्या. पॉवर सप्लायसमोरच केबलचा गुंता असेल तर हवा बाहेर पडत नाही.

एकाहून जास्त रॅक असतील तर सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला हवीत. दोन रांगा असतील तर तोंडासमोर तोंड आणि पाठीला पाठ. एका रांगेची पाठ दुसरीच्या तोंडाकडे असेल तर दुसरी रांग पहिलीचीच गरम हवा ओढते आणि जगातला कुठलाही एसी ते निस्तरू शकत नाही. त्यानंतर थंड गल्ली (रॅकच्या तोंडांपुढची वाट) किंवा गरम गल्ली (पाठीमागची वाट) बंदिस्त करायची. मोठ्या ठिकाणी यासाठी दारं आणि पारदर्शक छत बसवतात. लहान खोलीत कोल्ड स्टोरेजच्या दाराला असतात तशा जाड पीव्हीसी पट्ट्यांचे पडदेही चालतात, फक्त ते आग न पकडणारे आहेत ना याची खात्री करा आणि आग विझवणाऱ्या यंत्रणेच्या नोझलना आड येऊ देऊ नका.

स्प्लिट एसीची एक अंगभूत अडचण आहे. तो हवा वरून घेतो आणि खालून सोडतो, दोन्ही एकाच जागी. त्यामुळे गरम हवा वेगळी ओढून घेणं त्याला जमत नाही. बजेट थोडं वाढवता येत असेल तर डक्टेबल युनिट, म्हणजे पत्र्याच्या नळीतून हवा नेणारा एसी, घ्या. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी गरम हवेचा मार्ग म्हणून वापरा, रॅकच्या मागे छताला जाळी द्या आणि थंड हवा रॅकच्या पुढे सोडा. तेच यंत्र, तेवढेच टन, पण परत येणारी हवा २६ ऐवजी ३५ अंशांची मिळाली की त्याच कॉइलवर कितीतरी जास्त उष्णता उचलली जाते.

तापमान किती ठेवायचं

अमेरिकेतल्या ॲश्रे या संस्थेने सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश ही शिफारस केलेली आहे, आणि सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्या ती मानतात. अनेक सर्व्हरांना ३५ अंशांपर्यंत काही काळ चालायची परवानगीही असते. म्हणजे खोली २० अंशांची हवी हा आग्रह जुन्या काळातला आहे.

हवेची वाट नीट केल्यावर तोंडाशी २४ ते २५ अंश ठेवा. एकदम नको. आठवड्याला एक-एक अंश वाढवा आणि वरच्या थर्मामीटरकडे लक्ष ठेवा. प्रत्येक अंशामागे कॉम्प्रेसरची साधारण दोन ते तीन टक्के वीज वाचते. घरगुती एसीसाठी एका अंशाला सहा टक्के असा आकडा सरकारी जाहिरातींत सांगतात. तो सर्व्हर रूमला तसाच लावू नका. घरात तापमान वाढवलं की भिंतींतून येणारी उष्णताही कमी होते, सर्व्हर रूममध्ये बहुतेक उष्णता आतच तयार होत असते आणि ती कमी होत नाही. बचत होते ती कॉम्प्रेसरला कमी चढण चढावी लागते म्हणून.

२७ च्या वर मात्र जाऊ नका. त्यापुढे सर्व्हरचे स्वतःचे पंखे वेगाने फिरू लागतात. पंख्याची वीज वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे एसीत वाचवलेलं सर्व्हरमध्ये जातं.

यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या ही वेगळी बाब आहे. त्यांना २५ अंश लागतात आणि त्यावर दर ८ ते १० अंशांमागे त्यांचं आयुष्य निम्मं होतं. शक्य असेल तर बॅटऱ्या दुसऱ्या लहान खोलीत ठेवा, म्हणजे त्यांच्यापायी सगळी खोली थंड ठेवावी लागत नाही.

दमटपणासाठी टक्केवारीपेक्षा दवबिंदूकडे (हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाकडे) बघावं, तो १५ अंशांच्या आत असावा. मोठ्या खोलीत दोन प्रिसिजन युनिटं (खास सर्व्हर रूमसाठी बनवलेले एसी) असतील आणि दोन्हींचे सेन्सर थोडे वेगळे दाखवत असतील तर एक युनिट हवेत बाष्प सोडतं आणि शेजारचं तेच काढतं. महिनोन्महिने हा खेळ चालतो, खोलीत काहीच बिघडलेलं दिसत नाही आणि मीटर फिरत राहतो. पॅनेलवर एका युनिटला ‘ह्युमिडिफाय’ आणि दुसऱ्याला ‘डीह्युमिडिफाय’ दिसलं तर सेन्सर जुळवून घ्या. कोकणात आणि मुंबईत ह्युमिडिफायर सरळ बंद ठेवला तरी बहुतेक खोल्यांना फरक पडत नाही.

आता यंत्र

तीन-चार किलोवॅटपर्यंतच्या खोलीला चांगले इन्व्हर्टर स्प्लिट चालतात, पण दोन घ्या, आणि प्रत्येक एकट्याने सगळा भार पेलेल असा. घेताना चार गोष्टी तपासा. वीज जाऊन आल्यावर तो आपोआप, आधीच्याच सेटिंगवर सुरू होतो का? काही मॉडेल स्टँडबायमध्ये बसून राहतात, आणि रविवारी दुपारी वीज गेली तर सोमवारी सकाळपर्यंत कोणालाच कळत नाही. दुसरं, बाहेरच्या कोणत्या तापमानापर्यंत तो चालतो? विदर्भ-मराठवाड्यात ५० किंवा त्याहून जास्त अंशांपर्यंत चालणारा हवा. तिसरी गोष्ट खालच्या टोकाची. पुण्या-नाशकात जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. माणसाला तेव्हा एसी नको असतो, सर्व्हरला हवाच असतो. इतक्या थंडीत साध्या युनिटमधला गॅसचा दाब पडतो, आतल्या कॉइलवर बर्फ जमतो आणि पहाटे खोली तापते. आउटडोअर पंख्याचा वेग कमी करणारी व्यवस्था असलेलं युनिट घ्या. चौथं, स्टारच्या लेबलवरची वार्षिक युनिटं वर्षाला १६०० तास धरून काढलेली असतात. सर्व्हर रूम ८७६० तास चालते. लेबलवर ८०० युनिटं दिसली तर तुमची चार-साडेचार हजारांच्या घरात जातील, म्हणून इथे एकेका स्टारचा फरक घरापेक्षा पाचपट महत्त्वाचा.

दोन इन्व्हर्टर एसी आलटूनपालटून चालवावेत की एकत्र? एकत्र, कमी भारावर. अर्ध्या भारावर इन्व्हर्टर कॉम्प्रेसर जास्त कार्यक्षम असतो, आणि एक बंद पडला तर दुसरा वेग वाढवून सांभाळून घेतो. जुने ठरावीक वेगाचे एसी असतील तर मात्र सीक्वेन्सर टायमर लावून पाळ्या द्या.

पाच किलोवॅटच्या पुढे प्रिसिजन एसीचा विचार करा. तो महाग असतो, पण त्याची नव्वद टक्क्यांहून जास्त ताकद थेट तापमानावर लागते, हवा भरपूर फिरते, आणि तो बारा महिने चोवीस तास चालण्यासाठीच बांधलेला असतो. त्यात ईसी पंखे (वेग कमी-जास्त करता येणारे, कमी वीज घेणारे) आणि वेग बदलणारा कॉम्प्रेसर हवाच. तीन-चार रॅक एकाच रांगेत असतील तर दोन रॅकच्या मध्ये बसणारं इन-रो युनिट अधिक चांगलं, कारण ते मागची गरम हवा जागच्या जागी उचलतं आणि हवेचा प्रवास मीटरभरावर येतो.

पंख्यांबाबतची एक सवय बदलायला हवी. तीन युनिटांपैकी दोन पूर्ण वेगाने चालवून तिसरं राखीव बंद ठेवायची पद्धत आहे. ईसी पंखे असतील तर तिन्ही दोन तृतीयांश वेगाने चालवा. हवा तेवढीच मिळते आणि पंख्यांची वीज निम्म्याहून कमी लागते.

विजेच्या फरकाचा अंदाज वरच्याच खोलीवरून येईल. ६.४ किलोवॅट उष्णता काढायला, गरम हवा मिसळणाऱ्या खोलीतला जुना एसी सुमारे २.५६ किलोवॅट घेतो, म्हणजे वर्षाला २२,४०० युनिटं. हवा वेगळी केलेल्या खोलीत, २५ अंशांवर, चांगलं इन्व्हर्टर युनिट १.६ किलोवॅटमध्ये तेच काम करतं: १४,००० युनिटं. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला एक लाखाचा फरक, आणि तोही फक्त ५ किलोवॅटच्या खोलीत.

आउटडोअर युनिट कुठे बसवता

आतली सगळी हुशारी बाहेर वाया जाऊ शकते. इमारतीच्या डक्टमध्ये एकावर एक लावलेल्या युनिटांत वरचं युनिट खालच्याची गरम हवा ओढतं. गच्चीवर एकमेकांसमोर तोंड करून बसवलेल्यांचंही तेच होतं. युनिटच्या तोंडासमोर दीड-दोन मीटर मोकळी जागा ठेवा, वर सावली द्या पण हवा अडवू नका, आणि कॉइल दर तीन महिन्यांनी पाण्याने धुवा. साखर कारखाना, जिनिंग किंवा भट्टी जवळ असेल तर दर महिन्याला.

समुद्रालगत आणि खाडीकाठी वेगळाच शत्रू असतो. खारी हवा ॲल्युमिनियमच्या पात्या दोन-तीन वर्षांत खाऊन टाकते, आणि उघड्या नाल्याजवळ हायड्रोजन सल्फाइडमुळे तांब्याच्या नळीला सुईएवढी भोकं पडतात. मग दर उन्हाळ्यात ‘गॅस टॉपअप’ सुरू होतो. गॅस हा वापरून संपणारा पदार्थ नाही. तो कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि कमी गॅसवर चालणारा एसी जास्त वीज घेऊन कमी थंड करतो. मेकॅनिकला आधी गळती शोधायला आणि बंद करायला सांगा. नवं युनिट घेताना कॉइलवर कोटिंग असलेलं घ्या. गॅस शक्यतो आर-३२ असलेला घ्या. त्याचा हवामानावरचा परिणाम आर-४१०एच्या सुमारे एक तृतीयांश आहे. तो थोडा ज्वलनशील असतो, त्यामुळे बसवणारा माणूस प्रशिक्षित हवा.

आणि इनडोअर युनिट रॅकच्या डोक्यावर कधीही बसवू नका. ड्रेन पाइप शेवाळाने तुंबतो आणि पाणी थेट सर्व्हरवर टपकतं. जागाच नसेल तर खाली ट्रे आणि पाणी ओळखणारा सेन्सर द्या.

मोठ्या डेटा सेंटरचं गणित

ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात देशातल्या डेटा सेंटरांचा मोठा वाटा आहे. अशा ठिकाणी चिलरमधून, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मोठ्या यंत्रातून, थंड पाणी फिरतं. पूर्वी ते ७ अंशांवर ठेवत. हवेच्या वाटा वेगळ्या केल्या तर १८ ते २० अंशांचं पाणीही पुरतं, आणि दर अंशाला चिलरची दोन-तीन टक्के वीज वाचते. कॉइलवर पाणीही धरत नाही.

खरी ओढाताण वीज आणि पाणी यांच्यात आहे. कूलिंग टॉवरवर चालणारा मोठा चिलर टनामागे ०.५५ ते ०.६५ किलोवॅट घेतो, हवेवर थंड होणारा सुमारे एक किंवा त्याहून जास्त. फरक मोठा आहे, पण टॉवर पाणी उडवून थंड होतो. एक मेगावॅट उष्णता दिवसभर बाहेर टाकायला सुमारे ३५ हजार लिटर पाण्याची वाफ करावी लागते. क्षार साठू नयेत म्हणून काढून टाकायचं पाणी धरलं तर ४५ ते ५० हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर, रोज, फक्त एका मेगावॅटला. नवी मुंबईत शुद्ध केलेलं सांडपाणी मिळत असेल तर हा मार्ग योग्य आहे. मराठवाड्यात बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर तो निवडू नये, वीज जास्त लागली तरी हवेवर चालणारा चिलर घ्यावा.

बाहेरची हवा थेट वापरण्याच्या कल्पनेलाही हवामानाची मर्यादा आहे. नागपूरचा उन्हाळा कडक पण कोरडा असतो. वाळ्याचा कूलर तिथे चालतो म्हणूनच पाण्याने हवा थंड करण्याची मोठी यंत्रणाही तिथे चालते. पुण्यात हिवाळ्यातल्या रात्री कॉम्प्रेसरला चांगली विश्रांती मिळू शकते. मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदूच २४-२५ अंश असतो, त्यात मीठ आणि खाडीचा वायू. थंड देशांतल्या डेटा सेंटरचे आकडे दाखवून कोणी मुंबईत थेट बाहेरची हवा घेण्याचा प्रस्ताव आणला तर तो नाकारा.

एआयच्या रॅकांनी हवेचं कूलिंगच अपुरं केलं आहे. एनव्हिडियाच्या ७२ ग्राफिक्स चिपांच्या जीबी२०० रॅकला सुमारे १२० किलोवॅट लागतात. एवढी उष्णता हवेने १२ अंशांच्या वाढीवर न्यायची तर तासाला ३० हजार घनमीटर हवा एका रॅकमधून काढावी लागेल. पाणी १० अंशांनी तापू दिलं तर मिनिटाला १७२ लिटर पुरतं. म्हणून चिपवर बसवलेल्या प्लेटमधून पाणी फिरवतात. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ मध्ये सुरू झालेल्या परम ब्रह्म महासंगणकात ही पद्धत आधीपासून आहे. तरीही मेमरी, पॉवर सप्लाय वगैरेंची दहा-वीस टक्के उष्णता हवेतच राहते, तिच्यासाठी एसी लागतोच. दर रॅकला वीस किलोवॅटच्या आत असाल तर द्रव कूलिंगच्या मागे लागू नका.

पीयूई वाचताना

एकूण विजेला सर्व्हरच्या विजेने भागलं की पीयूई मिळतो. वरच्या खोलीत जुना एसी असताना तो सुमारे १.६३ येतो, नव्या व्यवस्थेत १.४४. पुरवठादार जो आकडा सांगतो तो पूर्ण भारावरचा आणि चांगल्या हवामानातला असतो. तुमचा भार पहिली दोन वर्षं पंचवीस टक्केच असणार असेल तर त्या भारावरचा, वर्षभराचा आकडा लेखी मागा. आणि तापमान २७ च्या वर नेलं की सर्व्हरचे पंखे जास्त वीज खातात, भागाकारातला खालचा आकडा वाढतो आणि पीयूई सुधारल्यासारखा दिसतो, पण बिल मात्र वाढतं. म्हणून पीयूईबरोबर एकूण युनिटंही दरमहा लिहून ठेवा.

ताब्यात घेण्याआधीची चाचणी

पैसे पूर्ण देण्याआधी, पुरवठादाराचा माणूस समोर असताना, मेन बंद करा. यूपीएसवर सर्व्हर चालू राहतील, एसी थांबतील. १२ बाय १० फुटांच्या, १० फूट उंच खोलीत ५ किलोवॅट असतील आणि फक्त हवेचाच हिशेब केला तर दर आठ सेकंदांना एक अंश वाढतो. भिंती आणि लोखंड थोडी उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी दिसतो, पण दहा मिनिटांत धोक्याची पातळी येऊ शकते. जनरेटर किती सेकंदांत सुरू झाला, एसी आपोआप परत आला का, कॉम्प्रेसर तीन मिनिटांच्या विलंबानंतर लागला का, वरच्या थर्मामीटरवर सर्वांत मोठा आकडा कोणता दिसला, हे सगळं लिहून घ्या. तो आकडा ३२ च्या आत राहायला हवा. त्यानंतर एक एसी मुद्दाम बंद करून दुसऱ्या एकट्यावर दोन तास चालवा. शक्यतो मे महिन्यात, दुपारी दोन ते चार या वेळेत. तापमानाचा इशारा एसएमएसवर दोन वेगवेगळ्या माणसांना जातो का, हेही त्याच दिवशी बघा, आणि त्यातला एक माणूस रात्री फोन उचलणारा असू द्या.